ब्रेकचे काम झाले, तरी हँडब्रेक का धरत नाही?

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये पिकअपच्या हँडब्रेकबद्दलची पत्रे बरीच आहेत. संत्रा आणि कापूस एकाच सुमारास बाजाराकडे निघण्याचे हे दिवस आहेत, भरलेल्या गाड्या रोज चढ-उतारावर उभ्या राहतात, त्यामुळे तसे होणे स्वाभाविकच आहे. म्हणून सदराची सर्व जागा याच विषयाला दिली आहे.

प्रश्न : माझ्याकडे मालवाहू पिकअप आहे. दसऱ्यानंतर मागच्या दोन्ही चाकांचे लायनर बदलून घेतले आणि ड्रम लेथवर फिरवून आणले. पायाचा ब्रेक चांगला लागतो. परंतु हँडब्रेकचा दांडा पार वरपर्यंत येऊनही गाडी धरत नाही. मिस्त्रींनी खालून केबल ताणून दिली. त्यानंतर दांडा लवकर लागू लागला, पण मागचे उजवे चाक तापू लागले आणि डिझेलही जास्त लागू लागले. केबल सैल केली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मागच्या आठवड्यात वजनकाट्याच्या चढावर संत्र्यांनी भरलेली गाडी हँडब्रेक ओढलेला असतानाही मागे सरकली. मजुराने चाकाखाली दगड टाकला म्हणून थांबली. दोष कुठे आहे, आणि मिस्त्रींना नेमके काय करायला सांगावे?
— एक संत्रा बागायतदार, ता. वरूड, जि. अमरावती

उत्तर : आपल्या पत्रातील वर्णन इतके नेमके आहे की दोष कुठे शोधायचा हे त्यातूनच बऱ्याच अंशी कळते. दोष ड्रमच्या आत आहे आणि इलाज केबलवर चालला आहे, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी स्थिती झाली आहे. हँडब्रेकची केबल ही जुळवणीतील शेवटची पायरी असते. तिला पहिली पायरी केले की एकतर ब्रेक धरत नाही, नाहीतर चाक घासत राहते. आपल्याकडे ही दोन्ही लक्षणे आळीपाळीने दिसली आहेत.

असे का होते, ते समजून घेतल्यास मिस्त्रींशी बोलणे सोपे जाईल. मागच्या ड्रममध्ये, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी भांड्यात, अर्धचंद्राकृती दोन शू असतात आणि त्यांच्यावर लायनर, म्हणजे ड्रमला घासून चाक अडवणारे अस्तर, बसवलेले असते. पायाचा ब्रेक दाबला की ब्रेक ऑइलच्या दाबाने व्हील सिलिंडरमधील पिस्टन दोन्ही बाजूंना सरकतात आणि शू ड्रमला टेकतात. हँडब्रेकमध्ये ऑइलचा काहीच संबंध नसतो. केबल ड्रमच्या आत एका शूवर खिळलेला छोटा लिव्हर ओढते, तो लिव्हर दोन्ही शूंच्या मधल्या पट्टीला रेटा देतो, आणि त्या रेट्याने दोन्ही शू फाकतात. या लिव्हरची चाल मर्यादित असते. शू आणि ड्रम यांच्यातील फट जास्त असेल, तर ती भरून काढण्यातच सगळी चाल संपते आणि दाब देण्यासाठी काही उरत नाही. पायाच्या ब्रेकला ही अडचण तितकी जाणवत नाही, कारण पिस्टन थोडे अधिक सरकून फट भरून काढतात, शिवाय गाडी थांबवण्याचा मोठा वाटा पुढच्या चाकांचा असतो. म्हणूनच पायाचा ब्रेक चांगला आणि हँडब्रेक निकामी, असे चित्र लायनरच्या कामानंतर वारंवार दिसते.

आपण ड्रम फिरवून आणल्यामुळे त्याचा आतील व्यास वाढला आहे. नवे लायनर आणि वाढलेला व्यास यांची गोलाई पहिल्या दिवशी तंतोतंत जुळत नाही. लायनर मधल्या भागात टेकते आणि टोकांना फट राहते. पहिले दोन-तीनशे किलोमीटर बेताने ब्रेक लावत गाडी चालवली की लायनर ड्रमला बसते आणि पकड वाढते. मात्र ड्रमला किती व्यासापर्यंत फिरवता येते याची मर्यादा असते आणि ती बहुतेक ड्रमवर ओतीव अक्षरांत दिलेली असते. लेथवाल्याने तो आकडा पाहूनच काम केले होते का, हे अवश्य विचारून घ्यावे. मर्यादेपलीकडे गेलेला ड्रम पातळ होतो, लवकर तापतो आणि तडकू शकतो. तो बदलण्याखेरीज मार्ग नसतो.

आता केबल ताणल्यावर काय झाले ते पाहू. ड्रममधील तो छोटा लिव्हर विश्रांतीच्या वेळी मागे जाऊन शूच्या टेकणावर पूर्णपणे बसला पाहिजे. केबल आधीच ताणलेली असेल तर तो तिथपर्यंत पोहोचत नाही आणि शू कायम थोडे फाकलेले राहतात. चाक घासते, ड्रम तापतो, डिझेल जास्त लागते. ज्या गाड्यांमध्ये फट आपोआप कमी करणारी योजना असते, तिचेही काम त्यामुळे बिघडते, कारण लिव्हर आणि पट्टी मूळ जागी आल्याशिवाय तिला खरी फट कळत नाही. थोडक्यात, ताणलेली केबल दांड्याला खोटा घट्टपणा देते.

म्हणून मिस्त्रींना सर्वांत आधी केबल पूर्ण सैल करायला सांगावे. गाडी सपाट जागी उभी करून, गिअरमध्ये टाकून, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत. मागची बाजू उचलल्यावर ती केवळ जॅकवर न ठेवता घोड्यांवर (गाडी टेकवायच्या लोखंडी आधारांवर) ठेवावी, आणि घोड्या चेसीखाली न लावता मागच्या अ‍ॅक्सलखाली, पाट्यांच्या (पट्ट्यांच्या स्प्रिंगांच्या) जवळ लावाव्यात. यामागे सुरक्षिततेइतकेच जुळवणीचेही कारण आहे. चेसी उचलली तर अ‍ॅक्सल खाली लोंबते आणि चेसीवरून अ‍ॅक्सलकडे जाणाऱ्या केबलचा ताण बदलतो. त्या अवस्थेत केलेली जुळवणी गाडी खाली आल्यावर आणि पाटे दबल्यावर टिकत नाही. पिकअपमध्ये रिकाम्या आणि भरलेल्या गाडीच्या पाट्यांमध्ये बराच फरक असल्याने ही चूक लहान गाडीपेक्षा इथे जास्त महागात पडते. गाडी घोड्यांवर स्थिर झाली की हँडब्रेकचा दांडा खाली सोडून दोन्ही चाकांच्या केबलींना जोडणाऱ्या ताणपट्टीजवळची नट सैल करावी.

त्यानंतर ड्रम एकेक करून उतरवावेत. आतली धूळ हवेच्या पाइपने उडवू नये. लायनरची धूळ फुप्फुसांना अपायकारक असते आणि जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसही असू शकते. ओल्या फडक्याने ती पुसून घ्यावी. मग लिव्हर हाताने मागे ढकलून तो टेकणावर बसतो का, हे पाहावे. बसत नसेल तर केबल आवरणात अडकते आहे किंवा अजून ताणलेली आहे. लायनरवर ऑइलचा डाग दिसल्यास व्हील सिलिंडर किंवा अ‍ॅक्सलचे ऑइल सील गळत असणार. गळती बंद करून ते लायनर बदलावेच लागते. पेट्रोलने धुऊन ते पुन्हा वापरण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, पण आत मुरलेले तेल ड्रम तापला की पुन्हा वर येते.

आणखी एक गोष्ट मुद्दाम तपासायला हवी. शूमधील अंतर वाढवणारी दातेरी चक्री, जिला मिस्त्री अ‍ॅडजस्टर म्हणतात, ती अनेक गाड्यांमध्ये डाव्या आणि उजव्या चाकासाठी वेगळी असते आणि तिचे आटे परस्परविरुद्ध असतात. दोन्ही चाकांचे काम एकदम काढले आणि सुटे भाग एकाच ताटलीत ठेवले, तर त्यांची अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही. तसे झाले की गाडी चालताना आपोआप घट्ट व्हायची चक्री उलट सैल होत जाते आणि मिस्त्रींनी कितीही नीट लावून दिले तरी काही आठवड्यांत दांडा पुन्हा वर येऊ लागतो. म्हणून एका वेळी एकच ड्रम उघडावा आणि दुसरा नमुन्यासाठी बंद ठेवावा, हा जुन्या मिस्त्रींचा शिरस्ता मला फार मोलाचा वाटतो.

ड्रम परत बसवल्यावर खरी जुळवणी सुरू होते. ड्रमच्या मागच्या पत्र्याला एक लांबट भोक असते आणि त्यावर रबराचे झाकण असते. त्यातून बारीक स्क्रू ड्रायव्हर घालून चक्रीचा एकेक दात फिरवावा आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवत राहावे. आधी चाक मोकळे फिरेल, मग लायनर टेकल्याचा ‘सर्र सर्र’ असा हलका आवाज येईल आणि शेवटी चाक हाताने फिरेनासे होईल. तिथून चक्री उलट फिरवत चाक पुन्हा मोकळे होऊन केवळ तो हलका आवाज उरेल इथपर्यंत यावे. नेमके किती दात मागे यायचे हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. उलट फिरवताना आपोआप घट्ट करणारी पट्टी दुसऱ्या बारीक हत्याराने बाजूला धरावी लागते. ती न धरता जोर केल्यास दाते बोथट होतात. दोन्ही चाके झाली की पायाचा ब्रेक पाच-सहा वेळा जोराने दाबावा, म्हणजे शू आपल्या जागी मध्यावर बसतील, आणि मग दोन्ही चाके पुन्हा तपासावीत. बहुतेक वेळा या टप्प्यावर थोडी फट पुन्हा दिसते आणि एखाद-दोन दात वाढवावे लागतात. घाईच्या कामात नेमका हाच भाग गाळला जातो.

एवढे झाल्यावरच केबलकडे यावे. दांडा पुस्तिकेत सांगितलेल्या खटक्यांवर घट्ट लागेल इतकीच नट आवळावी. खटक्यांची संख्या प्रत्येक गाडीची वेगळी असते, त्यामुळे शेजाऱ्याच्या गाडीवरून ती ठरवू नये. दांडा पूर्ण खाली असताना दोन्ही चाके मोकळी फिरली पाहिजेत, आणि पूर्ण ओढल्यावर दोन्ही सारखीच अडली पाहिजेत. खाली वाकून दोन केबलींना जोडणारी ताणपट्टी पाहावी. ती आडवी सरळ राहिली तर ओढ दोन्हीकडे सारखी आहे, एका बाजूला तिरपी झाली तर त्या दोहोंपैकी एक केबल अडकते आहे किंवा एका चाकाची फट जास्त राहिली आहे. शेवटी चेकनट (पहिली नट ढिली होऊ नये म्हणून असलेली दुसरी नट) आवळून रबराची झाकणे परत लावावीत. ही झाकणे हरवलेली असतात आणि कोणी मनावर घेत नाही. पण आपल्याकडची काळी माती पावसात त्या भोकातून आत जाते, वाळून टणक होते आणि चक्री जाम करते.

आपले उजवे चाक एकटेच तापत होते, त्याचे कारण वेगळे काढून घ्यावे. चाक उचललेले आणि घासत असताना केबल सैल केली आणि ते मोकळे झाले, तर दोष केबलमध्ये किंवा लिव्हरमध्ये आहे. तरीही घासत राहिले, तर व्हील सिलिंडरवरचे हवा काढण्याचे निपल किंचित उघडून पाहावे. थोडे ऑइल बाहेर येऊन चाक मोकळे झाले, तर ऑइलचा दाब आत अडकून राहतो आहे आणि रबरी होजपाइप किंवा मास्टर सिलिंडर तपासावा लागेल. त्यानेही फरक पडला नाही, तर चक्री जास्त आवळली गेली आहे किंवा शू परत ओढणाऱ्या स्प्रिंगा सैल झाल्या आहेत.

चाचणीबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगतो. गॅरेजच्या सपाट अंगणात रिकामी गाडी हँडब्रेकवर थांबली, एवढ्यावर समाधान मानू नये. गाडी आणि माल मिळून 3,000 किलो वजन असेल आणि दहा फुटांना एक फूट असा चढ असेल, तर गाडीला उतारावर ओढणारे बळ जवळजवळ 300 किलो वजनाइतके असते. रिकाम्या गाडीला तेच निम्म्याच्या आसपास असते आणि सपाट जागी काहीच नसते. म्हणून पहिली भरलेली फेरी करताना मोकळ्या, रहदारी नसलेल्या उतारावर, गाडीत चालक बसलेला आणि पाय ब्रेकच्या पेडलवर तयार असताना हँडब्रेकची परीक्षा घ्यावी. गाडीच्या मागे किंवा पुढे कोणालाही उभे राहू देऊ नये. आपल्या मजुराने दगड टाकला म्हणून गाडी थांबली हे खरे, पण सरकत्या गाडीच्या चाकाखाली हात घालण्याची पाळी कोणावरही येता कामा नये. लाकडाचे दोन तिरपे ठोकळे गाडीत कायम ठेवावेत आणि गाडी चढावर थांबल्याबरोबर, माल उतरवायला सुरुवात होण्यापूर्वीच, ते लावावेत.

प्रश्न : वेचणी सुरू होण्याआधी पावसाची झड लागली होती. पिकअप शेतात हँडब्रेक लावून आठ-दहा दिवस उभी होती. आता हँडब्रेक सोडला तरी मागचे एक चाक फिरतच नाही. ट्रॅक्टरने ओढून काढू का?
— एक कापूस उत्पादक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : ट्रॅक्टरने ओढू नका. अडकलेले चाक फरफटत गेले की लायनर शूवरून उखडते आणि पुढे ड्रममध्येच अडकून बसते. ओलसर लायनर ड्रमला दाबून ठेवले असता मध्ये गंज धरतो आणि दोन्ही एकमेकांना चिकटतात. किंवा केबलच्या आवरणात पाणी व माती जाऊन ती परत सरकत नाही. आधी दांडा पूर्ण खाली करून केबल खालून हाताने हलवून पाहा. ती ताठच असेल तर दोष केबलचा आहे, आणि आवरणात गंजलेली केबल तेल सोडून तात्पुरती चालवण्यापेक्षा बदलणे हेच योग्य. केबल सैल पडली असेल तर लायनर चिकटले आहे. पुढच्या चाकांना ठोकळे लावून मागचे चाक काढा आणि ड्रमच्या कडेने लाकडी ठोकळा मध्ये धरून हातोडीचे बेताचे ठोके द्या. बहुधा खट्‌कन आवाज होऊन ड्रम सुटतो. सुटल्यावर तो उघडून आतला गंज आणि चिखल साफ करून घ्यावा.

यापुढे पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल, तर सपाट जागा पाहून ती गिअरमध्ये टाकावी, चाकांना ठोकळे लावावेत आणि हँडब्रेक सोडून ठेवावा. नाल्याच्या पाण्यातून गाडी काढल्यानंतरही थोडे अंतर हळू चालवत पायाचा ब्रेक हलका दाबून ठेवावा, म्हणजे ड्रम आतून सुकतात. ड्रममध्ये शिरलेले पाणी लगेच निघून जात नाही आणि तोपर्यंत दोन्ही ब्रेकची पकड कमी असते.

प्रश्न : आमची गाडी परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात नेहमी जाते. उतरताना पायाचा ब्रेक गेला, तर हँडब्रेकने गाडी थांबवता येते का?
— एक पिकअप चालक, परतवाडा

उत्तर : ऑइल गळून पायाचा ब्रेक गेला असेल, तर येते, कारण हँडब्रेकची ओढ केबलची आहे. दोन स्वतंत्र ब्रेक असण्यामागे हाच हेतू आहे आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 96 नेही तेच बंधन घातले आहे. परंतु पिकअपमध्ये दोन्ही ब्रेक मागच्या त्याच ड्रमवर आणि त्याच लायनरवर काम करतात. सबंध उतार पायाचा ब्रेक दाबून उतरल्यामुळे लायनर जळण्याइतके तापले असेल, तर हँडब्रेकचीही पकड तितकीच गेलेली असते. म्हणून खरी सुरक्षितता गिअरमध्ये आहे. ज्या गिअरमध्ये तो घाट चढावा लागतो, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, आणि गाडी न्यूट्रलमध्ये कधीही सोडू नये.

तशी वेळ आलीच, तर पेडल भराभर पंप करून दाब येतो का पाहावे, एकेक गिअर खाली आणावा आणि दांड्याचे बटण दाबून धरूनच हँडब्रेक हळूहळू ओढावा. बटण दाबलेले असल्यास मागची चाके अडकून घसरू लागताच दांडा लगेच सोडता येतो. एकदम खेचल्यास, विशेषतः ओल्या रस्त्यावर किंवा वळणात, गाडीची मागची बाजू दरीकडे फिरू शकते. गाडी डोंगराच्या बाजूला ठेवावी.

प्रश्न : लायनर बदलल्यापासून हँडब्रेक पूर्ण खाली असतानाही मीटरवरील लाल दिवा जळत राहतो. केबल सैल करावी का?
— एक वाचक, ता. मेहकर, जि. बुलडाणा

उत्तर : केबलला हात लावण्याआधी ब्रेक ऑइलची पातळी पाहा. अनेक गाड्यांमध्ये हँडब्रेक आणि ऑइलची कमी पातळी या दोन्हींसाठी एकच दिवा असतो. लायनर नवे असताना ऑइल कमी होण्याचे कारण नसते. तरीही ते कमी दिसले तर कामाच्या वेळी कुठेतरी गळती राहिली आहे, आणि ती सापडेपर्यंत गाडी बाहेर काढू नये. चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओलसर डाग शोधावेत. पातळी योग्य असेल, तर दांड्याच्या बुडाशी असलेले छोटे बटण तपासावे. दांडा खाली आल्यावर ते पूर्ण दाबले गेले पाहिजे, आणि तिथे माती बसली किंवा त्याची पट्टी वाकली की दिवा जळत राहतो. ते साफ करून, पट्टी सरळ करून दिवा विझला, तर केबल आहे तशीच राहू द्यावी.